ओवरशेरांचं फुटबॉल मैदान

आमच्या आळीतल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना दत्तोपंतांनी कोटाच्या खिशातून ओळंबा काढला आणि मांडवाच्या खांबाला लावला. ओळंबा म्हणजे गवंड्याची ती दोरी आणि तिच्या टोकाला लोंबणारा पितळी गोळा. भिंत सरळ आहे की कललेली ते त्यावरून कळतं. भटजी 'सावधान' म्हणत होते, लोक अक्षता टाकत होते आणि दत्तोपंत एक डोळा मिटून खांबाकडे बघत होते. वाजंत्री थांबल्यावर वधूपित्याने हात जोडून विचारलं, "कार्य कसं काय झालं, दत्तोपंत?"

"कार्य उत्तम," दत्तोपंत म्हणाले. "खांब तेवढा बोटभर पूर्वेला गेलाय."

हे आमचे शेजारी. लोकल बोर्डात रस्ते-पुलांच्या कामांवर ओव्हरसियर म्हणून सारी उमर काढली. गाडीवानांची आणि गवंड्यांची जीभ त्या शब्दाला वळेना, म्हणून त्यांनी त्याचं 'ओवरशेर' केलं, आणि पुढे आम्ही शिकलेसवरलेलेही मागून त्यांना ओवरशेरच म्हणू लागलो. अंगाने किरकोळ, उन्हाने भाजलेले, डोक्याला काळी टोपी आणि भर वैशाखातसुद्धा अंगात तो कोट. एका खिशात ओळंबा, दुसऱ्यात मापाची फीत, वरच्या खिशात निळी पेन्सिल. पेन्शन सुरू झाली तरी ओव्हरसियरकी काही सुटली नाही.

आमच्या दोन घरांच्या मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कमरेएवढी कुंपणाची भिंत, आहे. सकाळी दात घासता घासता दत्तोपंत त्याला ओळंबा लावत आणि पलीकडून ओरडत, "मास्तर, तुमची बाजू पोट काढत्येय हो!"

"गडगा एकच आहे, दत्तोपंत. त्यात माझी बाजू कुठली आणि तुमची कुठली?"

"पोट कुणीकडे आलंय? तुमच्याकडे. मग बाजू तुमची."



त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. पहिलं, "आधी नमुना, मग काम." म्हणजे कुठलीही भिंत बांधायची तर आधी तिचा हातभर तुकडा बांधायचा, साहेबाला दाखवायचा, पसंत पडला की मग पुढे. ही बोर्डातली रीत त्यांनी घरातही चालू ठेवली होती. गणपतीत काकू मोदक करायला बसल्या की पहिला मोदक ओटीवर तपासणीला जाई आणि कळ्या पाहून झाल्यावर मंजूर होऊन परत येई. दुसरं वाक्य, "प्लॅनात आहे." कुठलीही शंका काढा, उत्तर हेच. त्यांच्याकडे पाहुणा आला आणि चपला कुठे ठेवू म्हणाला तरी हे म्हणत, "प्लॅनात आहे." पाहुणा चपला हातात घेऊन उभा राही.

काकूंबद्दल मात्र सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं, निदान मला तसं वाटे. त्या देशावरच्या, वाईच्या. लग्न होऊन आल्या त्या नवऱ्याच्या बदल्यांमागून खेड, संगमेश्वर, लांजा अशा फिरल्या आणि शेवटी रत्नागिरीत स्थिरावल्या. मूलबाळ नाही. घरात दोघंच. पण त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाची रीतच तशी होती. चार माणसांदेखत नवऱ्याने बायकोशी बोलायचं म्हणजे 'पाणी आणा कुणीतरी' असं खांबाकडे बघून म्हणायचं, आणि त्या 'कुणीतरी'ने समजायचं.

ही सगळी हकीकत एकोणीसशे तिसाच्या आगेमागची. एका गोऱ्या साहेबाची बदली झाली आणि जाता जाता तो आमच्या हेडमास्तरांना एक चामड्याचा फुटबॉल आणि एक शिट्टी देऊन गेला. मी शाळेत ड्रॉइंग आणि ड्रिल शिकवीत असे. त्या दोहोंचा फुटबॉलशी काय संबंध ते हेडमास्तरांना ठाऊक, पण बॉल माझ्या गळ्यात पडला. मला या खेळाची माहिती एवढीच होती की बॉल हातात धरायचा नसतो. 'ऑफसाइड' नावाचा एक प्रकार साहेबाने मला दोनदा समजावून सांगितला होता आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली होती.

शाळेची मुलं आणि पोलीस लाइनीतले शिपाई अशी पहिली मॅच मांडवीच्या काळ्या वाळूच्या पुळणीवर झाली. समुद्र सुकतीला लागला की तिथे चांगली ऐसपैस जागा मोकळी होते. सारं गाव लोटलं. काय चाललंय ते कुणालाच समजत नव्हतं, त्यामुळे जागचं हलायला कुणी तयार नव्हतं. माझा गोंधळ उडाला की मी शिट्टी वाजवी, आणि गोंधळ सारखाच उडत असल्यामुळे शिट्टी सारखीच वाजत होती. एका हवालदाराने आपल्याच बाजूच्या खांबांत बॉल घातला तेव्हा तर दोन्ही पक्षांनी टाळ्या वाजवल्या.

दत्तोपंत आले होते. पण ते खेळ बघतच नव्हते. मैदानाच्या कडेला, समुद्राकडे पाठ करून, ते लोकांची तोंडं बघत उभे होते. बॉल डावीकडे गेला की सगळी डोकी डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. दत्तोपंत मान हलवत होते.

दिवेलागणीला ते आमच्या पडवीत आले. "मास्तर, या खेळाला स्टेडियम पाहिजे."

हा शब्द रत्नागिरीत आणला तो त्यांनी. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी विलायतेतल्या एका मैदानाचं चित्र पाहिलं होतं. चहूकडून पायऱ्या आणि पायऱ्यांवर हॅटा घातलेली माणसं.

"अगदी गावाच्या तोंडाशी, समुद्राच्या कडेला. जांभ्याच्या पायऱ्या, चुन्यात बांधलेल्या. बंदरावर उतरणाऱ्या माणसाने आधी तेच बघावं." मग थोडं थांबून म्हणाले, "मॅच किती वेळ चालते हो?"

"साहेब म्हणाला होता दीड तास."

"वाढवता येते?"

"कशाला?"

"सहज. आणि लोक मध्येच मागे वळून बघत नाहीत ना? म्हणजे बॉल सोडून?"

"बॉल सोडून काय बघणार, दत्तोपंत?"

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले आणि समाधानाने घरी गेले. मी डोकं खाजवत बसलो.

तिथून पुढे आमचे हाल सुरू झाले. शाळा सुटली की मी फितीचं एक टोक धरून पुळणीवर उभा. दुसरं टोक घेऊन दत्तोपंत माडांच्या वाडीपर्यंत चालत जात आणि तिथून ओरडत, "रेषेत या, मास्तर!" मी कुठल्या रेषेत यायचं ते मला दिसत नसे, कारण रेष त्यांच्या डोक्यात होती. भरतीचं पाणी कुठवर येतं ते बघायला त्यांनी वाळूत खुंट्या ठोकल्या. उधाणाची भरती, साधी भरती, सगळ्यांच्या वेगळ्या खुंट्या. रोज खाली जाऊन बघत. मला वाटलं, पाण्यापासून बांधकाम सांभाळायचं म्हणून ही काळजी. पण माझ्या हिशेबात एक गोष्ट बसेना. पायऱ्यांची सर्वांत खालची खूण त्यांनी नेमकी साध्या भरतीचं पाणी पोचतं तिथेच केली होती.

"अहो, इथे पाणी लागेल."

"लागेल."

"मग चार हात मागे घ्या की."

"वर चढणार नाही. खालच्या पायरीला नुसतं लागेल. प्लॅनात आहे."

आमच्या उद्योगाकडे मिरकरवाड्याचा गणू खारवी जाळं विणत बघत बसलेला असे. एकदा त्याने विचारलंच, "ओवरशेर सायब, बॉल दर्यात गेला तर काय करनार?"

"एक होडी कायम उभी राहील. प्लॅनात आहे."

"नि हाकनार कोन?"

"तू."

गणूने जाळं खाली ठेवलं. "मी बॉलामागं फिरू, मग म्हावरं काय ओवरशेर धरनार?"

दत्तोपंतांनी निळ्या पेन्सिलीने कागदावर काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

अखेर प्लॅन पुरा झाला. त्यांच्या ओटीवर तो पसरला तेव्हा मी ड्रॉइंग मास्तर असूनही तो कुठल्या बाजूने बघायचा ते ओळखू शकलो नाही. आधी गाव, मग मैदान, मैदानाच्या पलीकडे पायऱ्या आणि पायऱ्यांपलीकडे समुद्र, इथवर ठीक होतं. पायऱ्यांवर बसणारा माणूस समुद्राकडे पाठ करून खेळ बघणार. पण या पायऱ्यांच्या माथ्यावर एक छातीभर उंच भिंत होती, आणि भिंतीच्या मागच्या अंगाला आणखी पायऱ्या होत्या, थेट पाण्यात उतरणाऱ्या. त्यांच्यावर बसेल त्याचं तोंड समुद्राकडे, पाठ भिंतीला. त्याला मैदान दिसणं शक्यच नव्हतं.

"या पायऱ्या उलट्या काढल्यात तुम्ही," मी म्हटलं.

"सुलट्याच आहेत."

"इथून खेळ कसा दिसेल?"

"दिसणार नाही."

"मग इथे बसायचं कुणी?"

दत्तोपंतांनी प्लॅन गुंडाळला. "आधी नमुना, मग काम," म्हणाले आणि आत गेले.

नमुना त्यांनी खरोखरच बांधला, तोही पदरमोड करून. भरतीच्या वरच्या कोरड्या वाळूत आखलेल्या मैदानाच्या समुद्राकडच्या अंगाला भिंतीचा एक लहानसा तुकडा, इकडे तीन पायऱ्या, तिकडे तीन पायऱ्या. रुंदी म्हणाल तर एका बाजूला एका माणसाने ऐसपैस बसावं इतकी. गवंडी चिरे बसवत होता तेव्हा दत्तोपंत पलीकडच्या पायऱ्यांवर स्वतः बसून बघत, उठत, पुन्हा बसत. दुसरी पायरी त्यांनी उंच झाली म्हणून उकरायला लावली. गवंडी वैतागून मला म्हणाला, "मास्तर, ह्यांस्नी खेळ बघायचा हाय का पाय धुवायचं हायत?" मलाही तेच विचारायचं होतं.

गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे, म्हातारा भ्रमिष्ट झाला. कुणी म्हणे, ही मागची बाजू हरणाऱ्या पक्षाच्या लोकांसाठी आहे. एका डॉक्टरांनी ठासून सांगितलं की त्या पायऱ्या दम्याच्या रोग्यांना खारी हवा खाण्यासाठी आहेत, आणि बऱ्याच लोकांना ते पटलं.

म्युनिसिपालटीचे एक वजनदार सभासद होते, वकील, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांना स्टेडियमची कल्पना भयंकर आवडली होती. त्यांनी मनावर घेतलं तर काम होणार हे गावात सगळे जाणून होते. ते कमिटीची माणसं घेऊन नमुना बघायला पुळणीवर आले. दत्तोपंतांनी त्या दिवशी कोटाला इस्त्री केली होती. मी होतोच, कारण प्लॅनचं एक टोक वाऱ्यात धरायला कुणीतरी हवं होतं.

रावसाहेब नमुन्याभोवती दोनदा फिरले. "छान. भक्कम आहे. यातली पुढची बाजू कुठली?"

"दोन्ही," दत्तोपंत म्हणाले.

"असं कसं? या पायऱ्यांवरून खेळ दिसेल. त्या पायऱ्यांवरून काय दिसेल?"

"समुद्र."

"समुद्र उभ्यानेही दिसतो हो. त्याला पायऱ्या कशाला? बायकांसाठी म्हणत असाल तर चिकाचा पडदा लावू आणि तोंड मैदानाकडे करू. त्याही बघतील."

"नको. तोंड मैदानाकडे नको."

कमिटीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. रावसाहेब कोर्टात साक्षीदाराला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "हे बघा दत्तोपंत, या मागच्या पायऱ्या उचला आणि मैदानाच्या त्या बाजूला लावा. खर्च तोच, बसायला जागा दुप्पट. एवढं करा, मी आजच्या आज सही करतो. आणि दारावर संगमरवरी पाटी लावू. योजक म्हणून तुमचं नाव. वडिलांच्या नावासकट."

दत्तोपंतांनी वरच्या खिशातली निळी पेन्सिल काढली आणि पुन्हा ठेवली. या माणसाने जन्मभर पूल बांधले, मोऱ्या बांधल्या, धर्मशाळा बांधल्या, आणि प्रत्येकावर पाटी लागली ती कुठल्या ना कुठल्या साहेबाच्या नावाची. मी हे जाणून होतो, म्हणून मला वाटलं, झालं, आता हे हो म्हणणार.

"पाटी... दाराच्या डाव्या अंगाला का उजव्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही म्हणाल त्या."

दत्तोपंतांनी त्या मागच्या पायऱ्यांकडे बघितलं. मग त्यांनी मान हलवली. "नाही. पायऱ्या फिरवायच्या नाहीत."

"का पण? कारण सांगा!"

"प्लॅनात आहे."

"प्लॅनात आहे ते दिसतंय हो मला!" रावसाहेब कडाडले. "का आहे ते सांगा ना!"

दत्तोपंतांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, कमिटीकडे बघितलं आणि मिटलं. त्यांच्या काळ्या चेहऱ्यावर लाली चढलेली मी तेव्हा प्रथमच पाहिली. कागद गुंडाळत ते एवढंच म्हणाले, "मग स्टेडियम राहू द्या."

मला इतका संताप आला की काय सांगू! महिनोन् महिने मी फीत धरून उभा राहिलो ते याच्यासाठी? रावसाहेबही भडकले होते. "मग हा नमुनाही इथे नको," ते म्हणाले. "उद्याच चिरे उखडून धक्क्याच्या डागडुजीला लावतो."

तेव्हा मात्र दत्तोपंतांनी हात जोडले. वरिष्ठांपुढे जन्मभर उभ्या राहिलेल्या माणसाचे ते हात होते, सराईत, पण या वेळी ते खरोखरच विनवत होते. "एक मॅच होऊ द्या, रावसाहेब. आपण यावं. उपयोग दिसला तर ठेवा. नाही दिसला तर मी स्वतः पहार लावतो."

रावसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि बरं म्हटलं.

मॅचच्या आदल्या दिवशी दत्तोपंत गडग्यापाशी आले. पण ओळंबा नव्हता हातात. "मास्तर, उद्या भरती संध्याकाळची आहे. मॅच उशिरा सुरू करा. आणि रंगवा हो. लोकांचं लक्ष हलता कामा नये."

"रावसाहेबांवर छाप पडावी म्हणून ना?"

"छाप?" ते गोंधळल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "हो, तसंच म्हणा."

मॅचला गर्दी लोटली. सारे लोक गावाच्या बाजूला उभे, मध्ये खुर्चीवर रावसाहेब. समोर, मैदानापलीकडे, नमुन्यावर दत्तोपंत एकटेच बसले होते, भिंतीला पाठ लावून, हात गुडघ्यांवर. कुणी शेजारी टेकायला गेला की ते सांगत, "चुना ओला आहे," आणि माणूस धोतर सावरून परत फिरे. चुना ओला असेल तर तुम्ही कसे बसलात, हे कुणालाच विचारायचं सुचलं नाही.

खेळ रंगला. कसा रंगला ते विचारू नका. दोन्ही पक्षांची मुंडकी एका ठिकाणी गोळा होत आणि बॉल भलतीकडूनच बाहेर येई. अशात एका हवालदाराने बॉलला अशी लाथ हाणली की तो दत्तोपंतांच्या डोक्यावरून, भिंतीवरून, पलीकडे गेला. पोरांना पाठवलं तर ती पाण्यातच खेळत बसतील, म्हणून मी स्वतः धावलो. दत्तोपंत ताडकन उठले. "मास्तर, तुम्ही नको, मी आणतो..." असं काहीसं म्हणाले, पण तोवर मी भिंतीला वळसा घातला होता.

पलीकडे काकू बसल्या होत्या.

लुगड्याचा काठ घोट्याच्या वर धरून, पाय खालच्या पायरीवर. भरतीचं पाणी येत होतं, पावलांवरून जात होतं. बॉल त्यांच्या पायाशी अडला होता. मला बघून त्या दचकल्या, पदर पुढे ओढला, अर्धवट उठल्या.

"मास्तर... मी देवळात निघाले होते हो. वाडीतून आले," त्या म्हणाल्या. मग खोटं बोलवेना म्हणून असेल, पुन्हा खाली बसल्या. "आमच्या वाईला कृष्णेवर अशा पायऱ्या आहेत. मी लहानपणी तासन् तास बसायचे पाण्यात पाय सोडून. इथे एवढा समुद्र, रोज ऐकते, पण बसून कधी बघितला नव्हता. नवं लग्न झालं तेव्हा ह्यांना एकदा बोलले होते. मला वाटलं, विसरले."

आमच्या गावात समुद्र कुणाला बंद नव्हता. बायका नारळी पौर्णिमेला जात, नारळ टाकत, घोळक्याने परत येत. पण पेन्शनीतल्या गृहस्थाने बायकोला बरोबर घेऊन पुळणीवर हवा खात बसायचं? पुढच्या शिमग्यात दोघांची सोंगं निघाली असती, आणि ती बघायला मीही गेलो असतो. म्हणून या बाबाने साऱ्या गावाची तोंडं दुसरीकडे वळवायचा घाट घातला होता. बॉल हवा होता तो त्यासाठी. मॅच चालू असली की समुद्राकडे कोण बघतो? आणि भिंतीच्या एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला त्या, मध्ये एकच चिरा. कुणी बोट दाखवायला जागाच नव्हती.

घरी गेल्यावर मी हे आमच्या मंडळींना सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला आत्ता कळलं होय? दुसरी पायरी उंच होत होती ती काकूंच्या गुडघ्यांसाठी उकरून घेतलीन त्यांनी. आळीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे." पण ते नंतरचं.

"मास्तर, सापडला का?" भिंतीपलीकडून दत्तोपंतांचा आवाज आला. बारीक, एखाद्या पोराचा असावा तसा.

"चामड्याला हात कसा लावू?" काकू पुटपुटल्या आणि त्यांनी पायाने बॉल माझ्याकडे ढकलला. त्या दिवसातली तेवढी एकच लाथ सरळ गेली.

मी बॉल घेऊन बाहेर आलो तर पुढ्यात रावसाहेब. खुर्चीवरून उठून ते मैदान ओलांडून आले होते. "काय मास्तर, तुम्ही आता प्रत्यक्ष बघून आलात. काय आहे त्या बाजूचा उपयोग? चला, मीही बघतो."

दत्तोपंत पायरीवर उभे होते. त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मी इतका घाबरलेला माणूस क्वचितच पाहिला असेल.

"बॉल अडतो, रावसाहेब," मी म्हटलं.

"काय?"

"पलीकडे बॉल अडतो. त्या पायऱ्या नसत्या तर गेला असता दर्यात. तुम्ही जाऊ नका तिकडे, भरती चढलीय, बूट भिजतील."

रावसाहेबांनी आपल्या कोऱ्या करकरीत पंपशूंकडे पाहिलं. मग भिंतीकडे, मग दत्तोपंतांकडे. "असं होय! मग हे आधी सांगायचं ना हो, भल्या माणसा! राहू दे नमुना," म्हणत ते परत फिरले.

दत्तोपंत खाली बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. टोपी काढून तोंड पुसलं आणि पुन्हा घातली. मी खेळ पुन्हा सुरू करायला गेलो तर शिट्टी वाजेना. दोनदा फुंकल्यावर कशीबशी वाजली.

त्यानंतर मॅच चालूच राहिली. दीड तास केव्हाच उलटून गेला असणार, पण घड्याळ माझ्याकडे होतं. शिपाई धापा टाकत होते, पोरं वाळूत लोळत होती. हवालदार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, संपली न्हाई का अजून?"

"नाही," मी म्हटलं. "नियम आहे."

नियम कुणालाच माहीत नव्हते. सगळे पुन्हा धावू लागले आणि सारं गाव बॉलकडे बघत राहिलं. मी फिरत फिरत नमुन्याजवळ आलो होतो. दत्तोपंत सरळ समोर बघत बसलेले, ओठ जेमतेम हलत होते.

"कोण जिंकलं हो?" भिंतीमागून काकूंनी विचारलं.

"काही कळत नाही. मास्तर अजून संपवीत नाहीत. तुझ्याकडे काय?"

"दिवस बुडतोय. अर्धा गेला पाण्यात."

दत्तोपंतांनी डोकं मागे भिंतीला टेकलं. "मग अगो, बस की. सगळा जाऊ दे."

मी तोंडातली शिट्टी काढली आणि खिशात घातली.